कॉफीला नाही म्हणणारी मुलगी

कुंभकोणमच्या ऑडिटर चंद्रमौळींच्या ऑफिसात इंटर्न म्हणून लागून हरिणीला महिना होत आला होता, आणि एवढ्या काळात तिने कसली तपासणी केली असेल तर ती कॉफीच्या फेसाची. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा थर्मास घेऊन तळ्याकाठच्या कॉफीवाल्याकडे जायचं, भरून आणायचा, आणि चंद्रमौळींसमोर उभं राहायचं. ते टम्बलरमध्ये घोटभर ओतून घेत, जिभेवर फिरवत, छताकडे बघत आणि म्हणत, "दूध पातळ आहे. परत देऊन ये."

कॉफीवाला म्हणे, "दूध पातळ नाही, तुझ्या सारची जीभ जाड आहे." हा निरोप सारना, म्हणजे सरांना, पोचवायचा नाही, एवढी अक्कल हरिणीला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत आली होती. ती वळणावर पाच मिनिटं उभी राहायची आणि तोच थर्मास परत आणायची. चंद्रमौळी घोट घेऊन म्हणत, "आता बरोबर."

याचा तिला संताप यायचा. संताप दाखवायची सोय नव्हती, कारण तिला त्यांची सही हवी होती. चेन्नईच्या एका मोठ्या फर्मने कळवलं होतं की सी.ए.च्या आर्टिकलशिपला घेऊ, पण स्वतः केलेल्या तपासणीचा एक अहवाल पाठव, खाली तुझ्या ऑडिटरची सही असू दे. एक पान. तेवढ्या एका पानावर तिचं चेन्नईला जाणं अडलं होतं, आणि ते पान लिहायला तिला कुणी एक चमचासुद्धा मोजू देत नव्हतं.

"सार, एखादं खरं काम द्या ना."

"देणार तर. आधी पेशन्स शिक मा. ऑडिटरचा पहिला गुण."

"तो शिकले, सार."

"मग दुसरा शिक."

"दुसरा कुठला?"

"हे विचारायची घाई झाली, म्हणजे पहिला अजून शिकली नाहीस."

मेलकावेरी भागातल्या घरी गेल्यावर आई, म्हणजे नागलक्ष्मी, दारातच विचारायची. बाहेर दिवसभर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तीही महाराष्ट्रातल्या पाहुण्यांनी ऐकून हसावं अशी जुनी, तंजावरी.

"काय शिकलीस गे आज तेथें?"

"फेस किती वेळ टिकतो ते."

"हें बरें झालें. सासरी उपयोगी पडेल."

हरिणी त्या रात्री जेवली नाही. आईला वाटलं, ऑफिसात खाऊन आली.

मग एके दिवशी चंद्रमौळींचा असिस्टंट बहिणीच्या डोहाळजेवणाला गेला आणि बॅग उचलायला माणूस उरला नाही. "चल," चंद्रमौळी हरिणीला म्हणाले. ते निघाले नरसिंह यांच्या पितळी भांड्यांच्या दुकानी, वर्षाखेरचा माल तपासायला. हरिणीने वाटेत नवीन पेनाचं टोपण काढून पाहिलं, लावून पाहिलं.

दुकानात चंद्रमौळी गादीवर बसले आणि देवळाच्या उत्सवाच्या वर्गणीवर बोलू लागले. ते बोलणं संपेना. समया एका बाजूला, घागरी एका बाजूला, हरिणी मध्ये. "सार, मी समया मोजू का?" तिने विचारलं. "बस मा, आधी काफी घे," सार म्हणाले. आणि तिच्यासमोर डबरा-टम्बलर, म्हणजे पसरट वाटीत उभा पेला, आणून ठेवला गेला.

तो वास नाकात गेला मात्र, महिनाभराचा राग तिच्या घशाशी आला.

"नको."

आता, कुंभकोणममध्ये कॉफीला नाही म्हणणारी माणसं दोनच प्रकारची. एक मयताची बातमी घेऊन आलेली आणि दुसरी, ज्यांच्या वकिलाची नोटीस त्यांच्या आधीच येऊन पोचलेली. बाकी कुणाचं कितीही वैर असो, टम्बलर रिकामा करूनच भांडायचं अशी इथली रीत. नरसिंह यांचा हात हवेतच राहिला.

"साखर कमी करून आणायला सांगू?"

"नको."

"हॉर्लिक्स?"

"नको, सार."

"इळनीर? शहाळं आत्ता झाडावरून उतरवतो."

"मला काही नको. मी कामाला आलेय."

नरसिंह यांनी ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. मग चंद्रमौळींना हळूच समयांच्या आड नेलं.

"ऑडिटर सार, त्या मुलीला काय सापडलं?"

चंद्रमौळींना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण पक्षकारासमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, या एका तत्त्वावर त्यांनी तीस वर्षं प्रॅक्टिस केली होती. त्यांनी चष्मा पुसला. "जे सापडायला नको होतं ते."

नरसिंह पालथ्या घातलेल्या घंगाळावर बसले. "ते मागचं गोडाऊन आईच्या नावावर आहे सार, म्हणून दाखवलं नव्हतं. दाखवतो. सगळं दाखवतो. तिला आधी काफी घ्यायला सांगा."

परतताना गाडीत चंद्रमौळी तिच्याकडे वळले.

"काफी का घेतली नाहीस?"

"राग आला होता, सार."

"कुणाचा?"

हरिणीने खिडकीबाहेर बघितलं. "काफीचा."

"हा राग जपून ठेव मा," चंद्रमौळी म्हणाले. "देवाने दिलेली गोष्ट आहे."

तिथून पुढे हरिणीला काम मिळालं. ते काम म्हणजे कॉफी न घेणं. पापनाशम्‌च्या राइस मिलवाल्याने दुसऱ्यांदा आग्रह करायच्या आतच ओलं भात कोरडं म्हणून दाखवल्याचं कबूल केलं. इन्नंबूरच्या खतवाल्याने आधी कॉफी, मग बदामदूध, मग थेट सुनेला भेटीची साडी हातात देऊन पुढे केलं, आणि हरिणीने सुनेलाही 'नको' म्हटल्यावर तो रडला. चंद्रमौळींनी या तंत्रात सुधारणा केल्या. टम्बलर पक्षकाराला दिसेल असा ठेवायचा. त्याच्याकडे बघायचं, हात लावायचा नाही. "फेस खाली गेला की समोरचा बोलायला लागतो," ते म्हणत. पंख्याखाली बसायचं, म्हणजे फेस लवकर जातो.

"सार, मी माल बघू?"

"कशाला? ते स्वतःच सांगतायत."

"मग माझा अहवाल?"

"लिही की. मी सही करतो."

हरिणीने लिहून पाहिला. 'इंटर्नला कॉफी दिली. इंटर्नने घेतली नाही. पक्षकाराने कबुली दिली.' चेन्नईच्या फर्मला हे पाठवलं तर ते नोकरी देणार नाहीत, पण डॉक्टरचा पत्ता नक्की कळवतील. तिने कागद फाडला. तुकडे करून ते पुन्हा फाडले. पूर्वी ती निदान थर्मास तरी उचलत होती. आता नुसती बसून रागावण्यासाठी तिला गाडीतून नेत होते, आणि राग कमी पडू नये म्हणून चंद्रमौळी तिला आदल्या दिवशी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारायला लावत.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सीवल म्हणजे पातळ कापलेली सुपारी, आणि त्या धंद्यातले सगळ्यात मोठे व्यापारी कृष्णमूर्ती. त्यांनी सुपारीची पोती बँकेकडे तारण ठेवली होती, आणि तो माल जागेवर आहे असं ऑडिटरने लिहून द्यायचं होतं. कृष्णमूर्तींच्या घरची कॉफी गावात नावाजलेली. गायी घरच्या, बिया घरी भाजलेल्या. पण कृष्णमूर्ती हुशार. दिलीच नाही तर ही पोरगी नाकारेल कशी? त्यांनी कॉफी विचारलीच नाही.

चंद्रमौळी वाट बघत बसले. हरिणी रागावून बसली. कृष्णमूर्ती हसत बसले. पाणी आलं, पान आलं, विडा झाला, पंखा फिरत राहिला. कॉफीशिवाय ऑडिट कसं करतात हे चंद्रमौळींना आठवेना. शेवटी ते हताश होऊन म्हणाले, "जा मा. माल तरी बघून ये."

हरिणी एवढ्या वेगाने उठली की खुर्ची पडली.

गोडाऊन घराच्या मागे होतं. पोत्यांची थप्पी छतापासून हातभरच खाली. तिने लांबी मोजली, रुंदी मोजली, उंचीची पोती मोजली, गुणाकार केला. कागदाशी जुळलं, अगदी चोख. ती निघणार, एवढ्यात थप्पीच्या आतून घोरण्याचा आवाज आला. सुपारी घोरत नाही, हे कॉमर्सच्या विद्यार्थिनीलाही कळतं. तिने चुडीदारची ओढणी कमरेला खोचली आणि पोत्यांवर चढली.

वरून पाहिलं तर आत पोती नव्हतीच. बाहेर एका पोत्याच्या जाडीची भिंत, आत मोकळी खोली. खोलीत बाज, टेबलफॅन, लक्ष्मीचं कॅलेंडर आणि बाजेवर कृष्णमूर्तींचे मेहुणे रविशंकर.

रविशंकरांनी एक डोळा उघडला. "ऑडिट झालं?"

"आत्ता सुरू झालं," हरिणी म्हणाली.

ती खाली उतरली तेव्हा केसांत, नाकात, घशात सुपारीची धूळ होती. परसात पोचेपर्यंत तिचा खोकून खोकून जीव गेला. तिथे कृष्णमूर्तींच्या पत्नी अलमेलू उभ्या होत्या. नवऱ्याचा हुकूम स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता. कुणाची तरी मुलगी खोकतेय, एवढंच त्यांना दिसलं, आणि हातात होता तो टम्बलर त्यांनी तिच्या हातात दिला. हरिणीने तो एका दमात रिकामा केला. आपण काय प्यायलो हे तिला टम्बलरचा तळ दिसल्यावर कळलं.

ती तशीच ओसरीवर आली. "सार, थप्पी पोकळ आहे. आत त्यांचे मेहुणे राहतात."

चंद्रमौळींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्या हातातल्या टम्बलरकडे बघत होते.

"काफी घेतलीस?"

"घशात धूळ होती, सार."

"पूर्ण घेतलीस?"

"पूर्ण घेतली. पण थप्पी—"

"मग झालं तर," चंद्रमौळी म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.

कृष्णमूर्ती प्रेमाने पुढे झाले. "आता तू आमच्या घरची मुलगी. घरची मुलगी पोत्यांवर चढते का मा? पडलीस तर?"

"आत बाज आहे, सार. टेबलफॅन आहे."

"उकडतं ना त्याला," कृष्णमूर्ती म्हणाले.

पेनाचं टोक बँकेच्या कागदाला टेकत होतं. तिने पहिल्यांदाच काही मोजलं होतं, पहिल्यांदाच तिला काही सापडलं होतं, आणि ते सगळं एका टम्बलरात बुडवून हे दोघे मोकळे होत होते. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण राग एका मर्यादेपलीकडे गेला की आवाज खाली येतो. तिने टम्बलर डबऱ्यात पालथा ठेवला.

"काफी बरी नव्हती," ती म्हणाली.

चंद्रमौळींचं पेन थांबलं. आतल्या दारात अलमेलूंच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

"काय बरं नव्हतं?" कृष्णमूर्तींनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

"चिकोरीची भेसळ लागली."

"या घरात? चिकोरी?"

"बरीच."

चंद्रमौळींनी आपली खुर्ची पक्षकारापासून थोडी दूर सरकवली. "कृष्णमूर्ती," ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "इतक्या वर्षांची ओळख. हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"खोटं आहे, सार. बिया मी स्वतः भाजतो."

"थप्पीसुद्धा तुम्ही स्वतःच रचली होती," हरिणी म्हणाली.

कृष्णमूर्तींनी दोन्ही हात जोडले. "थप्पीचं लिही मा. पोकळ आहे लिही. मेहुण्याचं नाव घालून लिही, दोन वर्षं झोपतोय तो तिथे, फॅनचं बिल मी भरतो, तेही लिही. बँकेला मी तोंड देईन. पण हे दुसरं... माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय अजून."

हरिणीने तिथेच बसून अहवाल लिहिला. लांबी, रुंदी, उंची, भिंतीची जाडी, आतली पोकळी, बाज, टेबलफॅन, रविशंकर. एक पान भरलं. चंद्रमौळींनी न वाचता सही केली, कारण त्यांना त्या घरातून लवकर निघायचं होतं. कृष्णमूर्ती फाटकापर्यंत आले.

"सगळं लिहिलंस ना?"

"हो."

"आणि ते काफीचं?"

"ते नाही लिहिलं."

"देव तुझं भलं करो," कृष्णमूर्ती म्हणाले. डोळे पुसायला त्यांना टॉवेल लागला.

पान त्याच संध्याकाळी चेन्नईला गेलं. मग हरिणी मेलकावेरीच्या बसमध्ये खिडकीशी बसली. जिभेवर अजून चव होती. इतकी सुरेख कॉफी तिने जन्मात प्यायली नव्हती, आणि घर येईपर्यंत तिला त्याचाच राग येत राहिला.