हाक मारायचे शब्द

"पॉम्पस गेला का गं कामाला?"

खालून तात्यांचा आवाज आला आणि आईने कपाळावर हात मारला. पॉम्पस म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. पॉम्पस म्हणजे उगाच मोठेपणा मिरवणारा, हे तात्यांना मीच सांगितलं होतं. त्यांनी ते इतक्या मनावर घेतील असं वाटलं नव्हतं.

तात्या तळमजल्यावर राहतात. म्हसवडकडचे. सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. मग मुलाला कुपवाडच्या कारखान्यात नोकरी लागली, तात्यांचे गुडघे गेले, कळप विकला आणि ते सांगलीत आमच्या इमारतीत आले. मुलगा-सून दिवसभर कामावर. तात्या जिन्याखाली खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडं घेऊन बसतात. संध्याकाळी कोण कोण परत आलं याच्यावर त्यांची नजर असते. कुणाला उशीर झाला तर त्याच्या घरच्यांआधी हे बेचैन.

मी पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. तिथे नंबर लागला तरच बाबा मला बाहेर पाठवणार होते, आणि मला जायचं होतं. परीक्षेत अवघड इंग्रजी शब्दांचा मोठा भाग असतो. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पण असले शब्द आमच्या शाळेतही कुणी बोलत नसे. घरात धाकट्या भावाचा टीव्ही, म्हणून मी शब्दांची कार्डं घेऊन जिन्यात बसायची.

"काय करतीस गं पोरी?"

"शब्द पाठ करतेय, तात्या."

"मग आवाज कुटं हाय?"

"मनात म्हणते."

"मनात हाक मारून मेंढरू येतंय व्हय?"

मी पुढचं कार्ड काढलं. तात्या गप्प राहणाऱ्यातले नव्हते. "आमी मेंढराचा गुण बगून नाव ठेवायचो. कोण आडमुठं, कोण खादाड. तुजी नुस्ती नावंच हायत. मेंढरं कुटं हायत?"

त्या दिवसापासून इमारतीतल्या माणसांची वाटणी सुरू झाली. मी शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा, तात्यांनी माणूस शोधायचा. अखंड बडबडणारी ती गॅर्युलस, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. पार्सिमोनियस, म्हणजे चिक्कू, कोपऱ्यावरचा दुकानदार झाला. व्होरेशस, म्हणजे खादाड, माझा भाऊ. बेनेव्हलंट म्हणजे परोपकारी, हा शब्द बरेच दिवस तसाच पडून होता. शेवटी तो पार्किंगमधल्या कुत्रीला मिळाला. आणि टॅसिटर्न, म्हणजे अबोल, असं मी म्हणायचा अवकाश.

"ही तूच की!"

मला राग आला होता. दाखवला अर्थातच नाही.

अडचण एवढीच की तात्या ही नावं मनात ठेवत नसत. एकदा चेअरमननी मला जिन्यात गाठलं. "तात्या मला काहीतरी इंग्रजी म्हणतात. अर्थ काय त्याचा?"

"भारदस्त," मी चपलेकडे बघत म्हणाले.

तेव्हापासून चेअरमन तात्यांना वाकून नमस्कार करू लागले. तात्या मला म्हणाले, "गुणी हाय गं गडी. नाव बदलावं काय?"

असंच एका दुपारी फोरलॉर्नचं कार्ड आलं.

"एकटं पडलेलं," मी सांगितलं. "कळप पुढे निघून गेला आणि ते मागेच राहिलं, असं."

तात्या फाटकाकडे बघत राहिले. फाटकात कुणी नव्हतं.

"वॉचमनला देऊया?" मी विचारलं.

"नगं."

"मग तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना? एकट्याच असतात."

"नगं म्हनलं न्हवं? ऱ्हाऊ दे त्यो. माज्याकडं ऱ्हाऊ दे." मग घोंगडं झटकत एकदम मोठ्याने, "फुडचा बोल! लय येळ लावतीस."

परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्यासमोर अख्खी इमारत येऊन उभी राहिली. नंबर लागला. तात्यांनी स्वतः पेढे वाटले, प्रत्येकाला त्याच्या इंग्रजी नावाने हाक मारून. गॅर्युलस काकूंनी दोन घेतले.

निघायच्या सकाळी फाटकात रिक्षा उभी होती. चेअरमनसुद्धा आले होते. तात्या तेवढे खुर्चीतून उठले नाहीत.

"जा," ते म्हणाले. "लोकास्नी हाका मारीत जा गं, टॅसिटर्न."

मी नेहमीसारखी नुसती मान हलवली आणि रिक्षात बसले. रिक्षा वळताना मागे बघितलं. तात्या फाटकाकडे बघत होते, त्या दुपारी बघत होते तसेच.

मी रिक्षा थांबवली. उतरले. सगळे बघत होते. माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, असं आई नंतर म्हणाली.

"तात्या, तो फोरलॉर्न इकडे द्या! हॉस्टेलवर मला लागणार आहे."