मधोमध हाय का?

मुकुंदवाडीच्या टेसनाअल्याड आमच्या गल्लीत गोदामावशी ऱ्हाती, तिच्या घरात कालपरवापर्यंत आरसा नव्हता. मी सगळं घर बघितलंय, एकच तर खोली हाय. सकाळी आंघोळ झाली की ती अंदाजानंच बोटानं मेण लावायची, वर कुंकू दाबायची, आन मंग दारात येऊन जो पयला दिसंल त्याला धरायची. "ए, बघ गं, मधोमध हाय का?"

कधीच नसायचं मधोमध. कधी डाव्या भुवईवर चढलेलं, कधी पार वर केसात. मंग समोरच्यानं सांगायचं थोडं इकडं घ्या, थोडं तिकडं घ्या, मावशी बोट फिरवायची, आन तोवर त्या माणसाला हलता यायचं नाय. दूधवाला असू दे, गॅसवाला असू दे. एकदा रिक्षावाले चाचा शाळेची लेकरं भरून निघाले होते, तर त्यांची रिक्षाच आडवली.

चाचा म्हणले, "अम्मा, जरा सीधे हात कू लेव."

"सीधा हात तुमचा का माझा?"

"मेरा."

"तुमचा म्हंजे माझा डावा."

"नई अम्मा, अब बहुत हुआ, वापस आव."

आतली लेकरं पण ओरडाया लागली, आजी उजवीकडं, आजी खाली. पाच मिनिटं रिक्षा तिथंच. चाचांना उशीर झाला होता, तरी हसत गेले. हेच मला कळायचं नाय.

कारण मावशी दिसायला... आता कसं सांगू, पाप लागंल. तोंडभर देवीचे वण, पुढचे दोन दात ओठात मावत नाय, एक डोळा तुमच्याकडं बघतो तर दुसरा पार गावाच्या त्या टोकाला, पडेगावकडं. आन मी. मी आठवी नापास हाय, पर दिसायला चांगली हाय, हे मी नाय म्हणत, लोक म्हणतेत. आमचे वडील मेंढरं राखायचे, घरात द्यायला काय नव्हतं, तरी ह्यांच्या घरच्यांनी मला एका बघण्यात पसंत केली, तोंड बघून. म्हंजे माझ्याकडं जे हाय ते एवढंच हाय. आन मी नळावर उभी असले तर कुणी थांबत नाय. मावशीपाशी सगळे थांबायचे.

"तोंड काय गं, आपलं आपल्याला थोडंच दिसतंय," मावशी म्हणायची. "ते लोकायसाठी असतंय. त्यायनीच बघावं."

बाया तिला टोचायच्या, नवरा तर आठ दिवसांत सोडून गेला मावशी, मंग हे एवढं मोठं कुंकू कुणाच्या नावाचं. ती म्हणायची, "नवरा त्याचा त्यो गेला, कपाळ घेऊन गेला का? कपाळ माझंच हाय."

आमचे हे चिकलठाण्याला कंपनीत हायेत. सकाळच्या शिफ्टला निघताना गाडीला किक मारली की मावशी हजर. "संतोष, बघ रं बाबा." आन हे गाडी बंद करून, खाली वाकून, डोळे बारीक करून बघायचे. "अजून एक सूत उजवीकडं, मावशी." सूत म्हणे. लग्नाला तीन वर्षं झाली, मी टिकली गालावर चिकटवली असती तरी ह्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. एक दिवस करून बघितलं, टिकली लावलीच नाय. जेवताना ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मला वाटलं आता म्हणतील. म्हणले, भाजीत मीठ कमी हाय.

हे सगळं मी गिळलं असतं. पर आरू.

आरू माझी लेक, सव्वा वर्षाची. जन्मापासूनच तिच्या डाव्या गालावर लाल डाग हाय, कानापासून पार ओठापर्यंत. डॉक्टर म्हणले, जिवाला काय धोका नाय. पर जिवाला नाय तर कशाला हाय, ते डॉक्टरला काय म्हाईत. बाईच्या जातीला तोंड चांगलं नसंल तर मंग हाय काय, मला तर तोंडावरच घर मिळालं. सासूबाई फोनवर विचारायच्या, गेला का गं डाग, जसा काय पाव्हणा आलाय. मी तिला टोपडं घालायची, उन्हाळ्यात पण, गालावर ओढून. गल्लीतून न्यायची तर डावी बाजू माझ्या छातीला दाबून.

आन मावशी ते टोपडं काढून टाकायची आन तिला काखंला मारून गल्लीभर हिंडायची. कुणी विचारलं, गालाला काय झालं, तर म्हणायची, "काय नाय, माझं कुंकू लागलं." लोक हसायचे. आरू पण हसायची. माझ्याकडं सारखं रडकं तोंड, तिच्याकडं गेली की चारीच्या चारी दात भायेर. आमच्या मेंढरांत शंभर कोकरं एकदम सोडली तरी एकूणएक कोकरू वासानं आपल्या आईकडंच जातं. माझं एकच, ते पण दुसरीकडं. मला वाटायचं मावशीनं काहीतरी केलंय. म्हणून मी मीठ-मोहऱ्या ओवाळून आरूची दृष्ट काढली, मावशीचं नाव घेऊन.

मंग ते झालं. कोपऱ्यावर नवी भाडेकरीण आली होती, तिला काय म्हाईत. मावशी म्हणली कुंकू लागलंय, तिनं ते खरंच धरलं. पदराला थुंकी लावली आन आरूचा गाल पुसाया लागली. घासायची, बघायची, परत घासायची. "लई पक्कं हाय ओ मावशी तुमचं कुंकू." आरू रडाया लागली. मी पळत गेले, लेकरू ओढून घेतलं, त्या बाईला काय बोलले नाय, मावशीला बोलले. "तुमच्या त्या वाकड्या कुंकवापायी माझ्या लेकराचा तमाशा झाला."

मावशी वळून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आरसा आणला. चांगला हातभर, पिवळ्या चौकटीचा. खिळा पण माझाच, ठोकला पण मीच. "घ्या मावशी, आता कुणाला विचारायचं कामच नाय." वरून सगळं गोड. पोटात काय होतं ते माझं मला ठाव.

"लई भारी हाय गं देखणे," मावशी म्हणली. मला ती देखणे म्हणती.

तवापासून मावशीचं कुंकू मधोमध. असं मधोमध की जसं पट्टीनं आखलंय. आन मावशी दारात येईना. आली तर विचारायचं काय? पाणी भरायची, आत जायची. चाचांची रिक्षा नुसता हॉर्न वाजवून जायची. हे गाडीला किक मारायचे, जरा थांबायचे, तिच्या दाराकडं बघायचे, मंग जायचे. मी रोज मोठी टिकली लावून दारात उभी. माझ्याकडं कुणी बघंना ते बघंनाच. आरू तर टोपडं ओढून ओढून रडायची आन मावशीच्या दाराकडं बोट दाखवायची.

आठव्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन गेले. लेकरू रडतंय म्हणून गेले, बाकी काय नाय. मावशी आरशाकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली होती.

मी म्हणलं, "कामून येत नाय तुम्ही भायेर? आरसा आवडला नाय का?"

"आरसा बरा हाय. त्याचा काय दोष." मंग खडे बाजूला करत करत, माझ्याकडं न बघता बोलाया लागली. "माझी माय लावायची मला कुंकू. अशी हनवटी धरायची, तोंड वर करायची, जरा मागं सरकून बघायची. नवऱ्यानं टाकलं, परत आले, तरी रोज लावायची. मंग माय गेली. त्याच्यानंतर माझ्या तोंडाकडं कुणी बघंना. बोलायचे सगळे, पर भाजीकडं बघून, पायाकडं बघून. एक दिवस कुंकू वाकडं लागलं माझ्याकडून. तर गिरणीवाला म्हणला, मावशी, वाकडंय. लई निरखून बघितलं बघ त्यानं, पार जवळ येऊन. घरी आले आन होता तो आरसा भंगारवाल्याला दिला."

मी तांदळाकडं बघत बसले. मंग ध्यानात आलं की मी पण तांदळाकडंच बघती हाय.

आरू डुलत डुलत तिच्याकडं गेली. मावशी म्हणली, "पापा दे गं माय." आरूनं डावा गाल पुढं केला, लाल. मावशीनं तिथंच ओठ टेकवले, चांगले दाबून.

मला राहवलं नाय. "मला दे," म्हणलं. आरू माझ्याकडं आली आन तिनं उजवा गाल पुढं केला.

"लई हुशार हाय," मावशी हसली. "कुणाला कोणता द्यायचा, बराबर ठाव हाय तिला."

ती चांगल्या मनानं म्हणली. तिला काय म्हाईत. सव्वा वर्षात त्या डाव्या गालाला मी तेल लावलं, हळद लावली, बेसन लावलं, पावडर लावली, पर ओठ कधी लावले नाय. लेकराला वाटलं असंल, हा आईला चालत नाय.

"दुसरा दे," मी म्हणलं. "आरू, तो दे की." तिला कळंना. परत उजवाच दिला. मी मान हलवली तर परत उजवाच. मंग तिनं वळून मावशीकडं बघितलं, विचारल्यासारखं. मावशीनं हातातलं सूप खाली ठेवलं आन डोळ्यांनीच सांगितलं, दे.

तवा दिला. गरम होता, आन मऊ, दुसऱ्यासारखाच.

माझ्या लेकीचा गाल, आन मला तो मावशीला विचारून मिळाला. जळतंय अजून पोटात, नाय कसं म्हणू.