बाबालाल फरासाची वाकडी खोली

ज्या घरातली फळी उतरती, आरसा कलता, सतरंजीचे पट्टे भलतीकडेच पळालेले, आणि हा सगळा वाकडेपणा मालकानं दोरी धरून, बोटांनी मोजून मुद्दाम केलेला, अशा घराकडे तुम्ही कसे बघाल? हसाल की संशय घ्याल?

गल्ली हसायची. मी संशय घेतला.

बाबालाल फरास शनिवार पेठेत, दोन बोळ एकमेकांना मिळतात त्या टोकावरच्या घरात राहतो. फरास म्हणजे दरबारचे तंबू ठोकणारा, कनातींच्या कापडी भिंती लावणारा, जाजमं अंथरणारा माणूस. महाराजांची स्वारी पन्हाळ्याला निघो की गडहिंग्लजला, बाबालाल एक दिवस आधी पुढे. तीस वर्षं त्यानं उघड्या माळावर खोल्या उभ्या केल्या आणि मोडल्या. गुडघे गेले तसा घरी बसला. पण त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेली खोली मात्र विचित्र. दाराशी ऐसपैस, आणि आत जाता जाता दोन्ही भिंती जवळ येत येत शेवटी जेमतेम एक खाट मावेल एवढीच.

अशा खोलीला आपले लोक वाघतोंडी म्हणतात. पुढं रुंद, मागं चिंचोळी. राहणाऱ्याला गिळते म्हणे. मी समोरच्या घरात राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्यांनी मला ही माहिती पुरवली, आणि मी त्यांना असल्या समजुतींवर अर्धा तास सुनावलं. आमच्या घरी देवांपेक्षा पत्रकं जास्त होती, त्यामुळे मला हे विषय तोंडपाठ. बाबालाल दारात बसून विडी ओढत सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "वाघ कशाचा वो. शेळी हाय ही खोली. घाबरून अंग चोरून बसलीया. तिची समजूत घालाया पायजे."

माणूस आपल्या बाजूचा दिसतो, असं मला वाटलं. मग त्यानं मला आत बोलावलं, आणि तसं वाटायचं थांबलं.

आत दरबारी तंबूंच्या रंगीत कापडांचा बाजार होता. एका भिंतीवर लाल पट्ट्याची कनात, ती एका टोकाला हातभर खाली. दुसरीवर निळी, ती वर चढत गेलेली. त्यानं दाराशीच बसायला जागा केली म्हणून मी बाजारातून आणलेलं हातातलं लिंबू फळीवर ठेवलं. ते घरंगळत गेलं आणि टपकन खाली पडलं.

"चाचा, फळी वाकडी आहे."

"तुमी दारातनं बगताय," बाबालाल म्हणाला.

"आणि लिंबू?"

"लिंबाला डोळं न्हाईत."

'दारातनं बगू नगा' हे त्याचं पालुपद. येणारा प्रत्येक जण दाराशीच थांबतो, कारण पुढं जायला बंदी. कुणाची चाहूल लागली की खोलीचं चिंचोळं टोक एका जाड पडद्यानं बंद. पडद्यामागं त्याची बायको हलीमाबी आजारी पडून असते, हे गल्लीला ठाऊक होतं. आजारी बायको ही मला फार सोयीची सबब वाटली. परपुरुषानं डोकावू नये अशी जागा चोराला याहून चांगली कुठं मिळणार?

पुढं मी लक्षच ठेवलं. बाबालाल भिंतीवर खिळा धरायचा, जरासा फाकवलेल्या पडद्याकडं तोंड करून "आता?" म्हणायचा, आणि पडदा म्हणायचा, "वाईच खाली." मग तो खिळा खाली घ्यायचा. "आता?" "ऱ्हाऊ द्या." तेव्हा ठोकायचा. आजारी माणसाला खिळ्याची एवढी काय पडली असेल? माझी खात्री झाली की आत आणखी कुणी तरी आहे, आणि वाकडी फळी म्हणजे काही तरी खूण आहे.

एके दिवशी तो न बोलावता माझ्या खोलीत आला. माझी खोली माळ्याखालची, छप्पर एका बाजूला इतकं उतरलेलं की लिहिताना मान मोडते. त्यानं चौफेर बघितलं आणि विचारलं, "कागदवालं, हितं बसनार कोन?"

"मी. दुसरं कोण?"

"बसून लिवता का पडून? खिडकी उजवीकडं घेता का पाठीशी? कागद कुटं ठिवता?"

कागद कुठं ठेवता हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. माझी पत्रकं काही लोकांना झोंबतात. त्यांनीच याला पाठवलं नसेल कशावरून? मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो मात्र माझ्या बैठकीवर बसला, हनुवटी गुडघ्यावर टेकून थोडा वेळ समोर बघत राहिला, आणि जाताना बैठक ओढून खिडकीच्या डाव्या अंगाला लावून गेला. त्यानंतर मान दुखायची राहिली. त्याचाही मला संशयच आला.

आणि मग मला पुरावा मिळाला. मी सहज म्हणून विचारलं होतं, "चाचा, हे कापड कुठलं?"

बाबालाल खुलला. "ही लाल व्हय? ही मलकापुरात उचलली. निळी गडहिंग्लजला. ही पट्ट्यापट्ट्याची पन्हाळ्यावर. हिला उचलताना असं वारं आल्तं, चौगं लागलो."

चौघं. म्हणजे टोळी होती. आणि माणूस हे सगळं नातवंडांची नावं सांगावीत तसं सांगत होता.

मी घरी येऊन एका बैठकीत अर्ज लिहिला. रयतेच्या घामावर उभ्या राहिलेल्या राज्यातली मालमत्ता नोकरानंच लाटावी का, असा सवाल वर घातला. 'चोरी' हा शब्द मला मिळमिळीत वाटला. 'उचलेगिरी' लिहिला, तोही तीनदा. अर्ज दरबारात पोचता केला आणि मोठं काम केल्याच्या समाधानात राहिलो.

आठवड्यानं एक कारकून दोन शिपाई घेऊन आला. अर्जदार म्हणून मलाही बोलावणं झालं. कारकून दारात उभा राहून घुटमळला. पडद्यामागं बाई आहे म्हटल्यावर तो काही पुढं सरकेना. तेव्हा आतूनच आवाज आला, "येऊ द्या की. मी काय उठून पळून जातीया?"

बाबालालनं पडदा सरकवला. आत एक खाट, खाटेवर केस पांढरे झालेली हलीमाचाची, आणि उशाशी एक तिपाई. टोळी नाही, पेटारे नाहीत.

"अर्जदार लिहिणारे आहेत," कारकून म्हणाला. "यादी त्यांनीच करावी." बसायला ती एकच तिपाई होती. मी उशाशी बसलो, दौत मांडीजवळ ठेवली, कापडं मोजायला मान वर केली, आणि टाक हातातच राहिला.

खोली सरळ होती.

लाल कनातीची किनार, फळी आणि निळ्या कनातीची किनार मिळून एकच सलग रेघ झाली होती. आरसा ताठ. सतरंजीचे पट्टे थेट दाराशी जाऊन भिडले होते आणि दार बरोबर मधोमध आलं होतं. चांगली चौकोनी, प्रशस्त खोली. मी वीतभर डावीकडं कललो तर सगळं पुन्हा पिसाटलं. परत जागेवर आलो, परत सरळ.

"अजून खाली वाका, उशीला डोकं लावून बगा," चाची म्हणाली. "तितनं लई झ्याक दिसतंय. कागदवालं तुमीच न्हवं?"

मी मान हलवली.

मग तिनंच सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती पाणवठ्यावर घसरली, कंबर मोडली ती मोडलीच. दाराशी सारी गल्ली डोकावते, म्हणून खाट या आडोशाच्या टोकाला. पडल्या पडल्या समोर बघितलं की दाराकडं फाकत गेलेल्या भिंती अंगावर कलंडल्यासारख्या वाटायच्या, घेरी यायची, अन्न ठरायचं नाही. "म्या ह्यास्नी म्हनलं, जलमभर लोकांच्या खोल्या हुब्या केल्यासा. आता एक माजी करा." ती हसली. "दोन वरसं लागली. एकेक खिळा इचारून मारलाय."

तिकडं कारकून माझा अर्ज मोठ्यानं वाचत होता. तिसऱ्यांदा 'उचलेगिरी' आल्यावर बाबालालनं त्याला थांबवलं.

"सायेब, शब्द चुकलाय. तंबू मारला की उभारनी, काढला की उचलनी. आमी ही कापडं उचलली म्हंजे तितला तळ उचलला. उचलनीत जे फाटंल त्यो तुकडा फरासाचा, अशी रीत हाय."

"रीत कुठं लिहिली आहे?"

"लिवायची कशापायी? सगळ्यास्नी म्हाईत हाय."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं कापडं उलटून फाटलेल्या कडा बघितल्या, खांदे पाडले आणि म्हणाला, "रीत तोंडी आहे, अर्ज लेखी आहे." मी तिथल्या तिथं अर्ज मागं घेतो म्हणालो. तो म्हणाला, तसं करता येत नाही, नोंद झाली आहे. कापडं तपासणीसाठी न्यावीच लागतील.

आजवर लेखी शब्दाच्या जोरावर मी कित्येकांना गप्प केलं होतं. त्या दिवशी तोच जोर माझ्या अंगावर उलटला, आणि खरं तर माझ्याही अंगावर नाही. उलटला तो खाटेवर पडलेल्या बाईवर.

शिपाई कनात ओढायला लागले तेव्हा बाबालालनं त्यांना बाजूला सारलं. "वढू नगा. फाटंल." मोडक्या गुडघ्यांनी तो स्वतः तिपाईवर चढला, एकेक खिळा काढला, एकेक कापड घडीवर घडी पाडून शिपायाच्या हातात दिलं. शेवटचं कापड निघालं तसं चाचीनं पदर डोळ्यांवर घेतला.

"काय गं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. झोप आलीया."

दुसऱ्या दिवशी मी माझी दोन धोतरं नेऊन दिली. बाबालालनं ती भिंतीला लावली, पण पांढऱ्या कापडाचा उपयोग होईना. "रेघ पायजे," तो म्हणाला. "रेघंबिगर डोळ्यानं धरायचं कशाला?" मग मी कोळशानं रेघा मारायला उभा राहिलो. "आता?" मी विचारायचो, आणि चाची म्हणायची, "वाईच खाली." दुपार झाली. माझा हात तंबूवाल्याचा नाही. रेघ नागमोडी आली. चाची बराच वेळ तिकडं बघत राहिली. "बरं दिसतंय की," म्हणाली आणि पुन्हा पदर डोळ्यांवर ओढला. तेव्हापासून ती तशीच आहे. बाबालाल पडदा लावत नाही, उघडतही नाही. अर्धा सरकवून दारात बसतो आणि कुणी वाकड्या फळीला हसलं तर 'दारातनं बगू नगा' असंही म्हणत नाही.

माझ्या अर्जाचा निकाल दसऱ्याच्या आत लागायचा आहे. दसऱ्याला दरबारात नवी कापडं निघतात आणि जुनी मोडीत काढतात. रीत खरी आहे असं सांगणारी माणसं पुढं आली तर कापड परत मिळेल, एवढं कारकुनानं मला सांगितलं आहे. म्हणून हे पत्रक वाचणाऱ्यांना विनंती आहे. पन्हाळा, मलकापूर, गडहिंग्लज, कुठल्याही मुक्कामावर तुम्ही, तुमच्या वडिलांनी किंवा चुलत्यांनी खुंटा ठोकला असेल, दोर धरला असेल, ओझं वाहिलं असेल, आणि उचलणीतला फाटका तुकडा फरासाला मिळताना बघितला असेल, तर या आणि तसं लिहून द्या. अंगठाही चालतो. लिहिता येत नसेल तर शनिवार पेठेत त्या टोकाच्या घरासमोर मला हाक मारा. तुम्ही सांगाल तेच उतरवून घेईन, माझा एकही शब्द त्यात घालणार नाही.