मामांचं भाषण आणि माझे पाच स्पीकर

मी एकदा मनावर घेतलं की ते काम स्वतःच करतो. कारागीर बोलावणं म्हणजे आपल्याच अकलेवर अविश्वास दाखवणं, हे माझं ठाम मत आहे! आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे चंदनाचं, मत वेगळं आहे. पण लग्नापासून तिनं ते इतक्यांदा सांगितलंय की आता मला ते ऐकूच येत नाही.

यंदा मी मनावर घेतलं ते आमचं होम थिएटर. लग्नाच्या वर्षी घेतलेलं! पाचांपैकी तीन स्पीकर कायमचे मुके, चौथा नुसता गुणगुणायचा आणि पाचव्यावर चंदना फुलदाणी ठेवायची. तरी मी गप्प होतो. पण दिवाळीला सदलग्याहून माझे सासरे आले आणि माझा इरेसरीचा स्वभाव जागा झाला.

सासऱ्यांचं नाव जिनाप्पा, मी त्यांना मामा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केलं आणि मी त्याचं शूटिंग केलं. ते दिवाळीत आमच्या सेटवर लावलं. पडद्यावर मामा हातवारे करताहेत आणि स्पीकरमधून नुसतं गूंऽऽ!

मामा म्हणाले, "पाव्हणं, तुमच्यानं एक काम धड हुईना बघा."

अठरा वर्षं झाली, या माणसानं मला एकदाही हुशार म्हटलेलं नाही! तिथंच ठरवलं. नवा सेट आणायचा, हेच भाषण शब्दन्‌शब्द ऐकवायचं आणि त्यांच्याच तोंडून 'पाव्हणं हुशार' हे वदवून घ्यायचं!

बेळगावहून सेट आणला. मामांना रविवारी बोलावलं. त्या दिवशी सकाळीच चंदनानं एकच बजावलं. "अहो, आप्पा दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबबी घेत न्हाईत. चाळीस वर्षांचा नेम हाय. आणि उद्या चतुर्दशी, म्हंजे उपास. साडेपाचला ताटं वाढणार. तुमचं काय असंल ते त्याच्या आत उरका!"

"तू बघच गं!" मी म्हणालो.

"तेच तर करत आलेय," ती म्हणाली आणि पुरण वाटायला गेली.

मी कामाला लागलो. मागचा स्पीकर टांगायला खिळा हवा होता, म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. फोन वाजला की आवाज तुटतो, म्हणून सगळे फोन बंद करून कपाटात टाकले. खरं थिएटर म्हणजे अंधार! आमच्या तंबाखूच्या निपाणीत ताडपत्र्यांना काय तोटा? ओळखीच्या वखारीतून तंबाखूवर टाकायच्या दोन आणल्या. एक खिडकीवर ठोकली, एक दारावर. हॉलमध्ये असा अंधार झाला की मला माझाच हातोडा सापडेना. अंगठ्याला मात्र तो बरोबर सापडला!

चारला मामा आले. आत पाऊल टाकताच सात शिंका दिल्या.

"पाव्हणं, हितं वखार काढलीय काय?"

"बसा मामा, आता बघाच!"

दाराला आतून कडी घातली आणि सेट चालू केला. आवाज नाही. तारा बदलल्या. आवाज फक्त उजवीकडून. परत बदलल्या. आता मामांचं तोंड आधी हले आणि शब्द मागून येत. मी हरलो नाही! घामानं निथळत चौथ्यांदा तारा जोडल्या आणि मामांचा खणखणीत आवाज घुमला, "बंधू आणि भगिनींनो!"

मामा ताठ बसले. चेहरा असा फुलला की अंधारातही दिसावा! जराशानं मागून बाईचा आवाज आला, "जेवायला चला ओऽऽ!"

"अगं आई! मागं बायका पंगतीला बोलवायल्यात, त्येबी ऐकू येतंय!" मामा हरखले.

"पाच स्पीकर आहेत मामा!" मी म्हणालो.

थोड्या वेळानं तोच आवाज, जरा चढा. "उठा की! दिवस मावळायला आलाय!"

"व्हय व्हय, त्या दिवशीबी अश्शाच वरडायल्या हुत्या," मामा म्हणाले. मग धाडधाड, धाडधाड! "आणि ही हलगी! पाव्हणं, हुशार हाईसा!"

अठरा वर्षं! माझे डोळे भरून आले. मी आवाज आणखी वाढवला.

आणि तेवढ्यात पाचही स्पीकरांतून एक ओळखीचा आवाज आला. कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा. माझा!

"म्हातारा काय थांबंना गड्या! दिवस बुडाला की पंगत बंद. हेच्या भाषणापायी समदा गाव उपाशी मरायचा!"

मी रिमोटवर झडप घातली. अंधारात नेमकं आवाज वाढवायचं बटण दाबलं गेलं!

"आणि बोलतोय काय? तेच तेच दळण!"

मी धडपडलो, पाय तारांत अडकला, आधाराला खिडकीची ताडपत्री धरली आणि तिच्यासकट खाली आलो. तारा निसटल्या. सगळं शांत झालं. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि मागच्या दारानं वळसा घालून आलेली चंदना गजांपलीकडं उभी होती. दार बडवून बडवून तिचे हात लाल झाले होते.

"आप्पा," ती गजांतून म्हणाली, "दिवस मावळला की ओ! तीनदा बोलवलं. दार तोडायचं तेवढं ऱ्हायलं!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं तयार होतं. माझ्या हौसेपायी म्हातारा माणूस आज उपाशी, उद्या चतुर्दशी म्हणून उपाशी. जेवण एकदम परवा!

मामा सावकाश उठले, कडी काढून लेकीला आत घेतलं. "ताट झाक बाळ. नेम मोडला न्हाय, जेवण तेवढं हुकलं." मग माझ्याकडं वळले. मी अजून ताडपत्रीतच होतो.

"मामा, चुकलो," मी म्हणालो.

"ते असू द्या. तारा जोडा परत."

"आता?"

"मग काय! जेवायचं न्हाय, म्हंजे येळच येळ हाय. आणि मगाशी तुमचंच भाषण ऐकलं, माझं ऱ्हायलंय की!"

चंदनानं माझंही ताट झाकलं. मी निमूटपणे तारा जोडल्या आणि भाषण पहिल्यापासून लावलं. ती जागा आली तेव्हा मी जोरजोरात खोकलो, शिंकलो, खुर्चीसुद्धा सरकवली. पण काय सांगू तुम्हाला, या नव्या सेटचा आवाज खरंच फार स्वच्छ आहे हो!