टेम्पोला सिंगल बेल

सोमवार, नऊ डिसेंबर, सकाळी दहा वाजून सत्तावीस मिनिटे. नोकरीतल्या माझ्या पहिल्याच बैठकीत, बैठक सुरू होण्यापूर्वी, मला खुर्चीवरून उठवण्यात आले.

"म्याडम, उठा. राखीव हाय ती."

मी खुर्चीकडे पाहिले. निळी, प्लास्टिकची, एका पायाने किंचित अधू.

"कोणासाठी राखीव?"

"आमदारांसाठी."

"आमदार येणार आहेत का बैठकीला?"

"उभ्या नोकरीत गाडीत बी कुनी आलं न्हाई. पन यायचं म्हनलं, तर काय उभं ऱ्हायाचं त्येंनी?"

मी उठले. उठवणारे गृहस्थ म्हणजे गेनूकाका, एसटीचे निवृत्त कंडक्टर आणि आमच्या कर्जसमितीचे ज्येष्ठ सदस्य. त्यांनी रुमालाने ती खुर्ची पुसली, रिकामी आहे याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "टिंग टिंग." बैठक सुरू झाली.

आमचे प्रतिष्ठान भोर आणि वेल्हे तालुक्यांत अन्न पिकवणाऱ्या, दळणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या छोट्या माणसांना अल्प व्याजाने भांडवल देते. हेतू असा की, डोंगरातला तांदूळ, नाचणी, घेवडा, तूप भोरच्या ताटापर्यंत पोहोचावे आणि त्याचा रास्त मोबदला पिकवणाऱ्याच्या हाती पडावा. आमच्या माहितीपत्रकात याला 'न्याय्य स्थानिक अन्नव्यवस्थेतील गुंतवणूक' म्हटले आहे. गेनूकाकांनी ते पत्रक चष्मा लावून वाचले आणि मला अर्थ सांगितला, "म्हंजे जिच्या डोक्यावर पाटी, तिला आदी जागा. मग लिवायचं ना तसं!"

काका बैठकीत बसत नसत. दोन्ही पाय फाकवून, पाठ कपाटाला टेकवून ते उभे राहत आणि कोणी लांबलचक बोलू लागले की उगाचच डावीउजवीकडे झुकत, जणू घाट लागला आहे. कर्जदार हा त्यांच्या लेखी प्रवासी होता. हप्त्याला ते टप्पा म्हणत, हप्ता चुकवणाऱ्याला विनातिकीट. वक्ता आवरेनासा झाला की एकच 'टिंग' यायचे. सिंगल बेल म्हणजे थांबा. मंजुरी म्हणजे डबल बेल. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते; तेही त्या एका 'टिंग'वर वाक्याच्या मध्यात थांबलेले मी पाहिले आहेत.

अर्जदाराला काका एकच प्रश्न विचारत, "कुठं उतरनार?"

अळिंबीचा प्रकल्प घेऊन आलेल्या एका पदवीधराने संगणकावर बत्तीस रंगीत पाने दाखवली. काका म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. कुठं उतरनार?"

तो गोंधळून म्हणाला, "मी भोरमध्येच राहतो."

"मग तिकीट कशाला फाडायचं? चालत जावा की."

त्याला समजावून सांगायला अध्यक्षांना वीस मिनिटे लागली. प्रश्नाचा आशय असा होता की, कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही कुठे पोहोचलेले असाल? मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे जुनी प्रकरणे काढून काकांचा कौल आणि प्रत्यक्ष परतफेड ताडून पाहिली. दोन्हींत कसलाही संबंध आढळला नाही. मी तसे काकांना सांगितले. त्यांना जराही वाईट वाटले नाही.

"नसंल संबंध. पन इचारल्याबिगर तिकीट फाडता येत न्हाई, म्याडम. कायदा हाय."

जानेवारीत सगुणाताईंचा अर्ज आला. सगुणाताई वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या एका वस्तीवर राहतात. वस्तीवरच्या बायकांनी गट केला होता. घेवडा, नाचणी आणि हातसडीचा तांदूळ त्या डोक्यावरून वेल्ह्यापर्यंत आणत. तिथून पुढे एसटीच्या गाडीत जेवढ्या पाट्या मावतील तेवढ्याच भोरला जात. उरलेला माल वेल्ह्यातच व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावा लागे. त्यांना एक जुना टेम्पो घ्यायचा होता. सगुणाताईंनी चालवण्याचा परवानाही काढला होता. कापूरहोळच्या विक्रेत्याने टेम्पो महिनाअखेरपर्यंत त्यांच्यासाठी थांबवला होता, त्यानंतर तो दुसऱ्याला जाणार होता. आमच्या नियमानुसार वाहनासाठीचे कर्ज समितीच्या एकमताशिवाय देता येत नाही.

काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "सगुणे, कुठं उतरनार?"

"भोरच्या बाजारात. समद्या पाट्या घिऊन."

उत्तर चोख होते. डबल बेलच्या अपेक्षेने अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले.

"कशानं येनार?"

"आता कशानं म्हंजे? टेम्पोनं."

"टिंग," काका म्हणाले. एकदाच.

अध्यक्षांनी टोपण लावले.

"वडापला कर्ज? माझ्या हयातीत न्हाई!" कंडक्टराच्या शब्दकोशात, एसटीच्या थांब्यावरून प्रवासी पळवणारी जी जीप ती वडाप, आणि वडाप म्हणजे वैरी.

"आवं काका, घेवड्याचा टेम्पो हाय त्यो! घेवडा काय तिकीट काढतोय?"

"आज घेवडा बसंल, उद्या घेवड्याची मालकीन. मला ठावं हाय ते."

"मग पाट्या न्यायच्या कशा? तुमच्या डोक्यावर देऊ?"

"गाडीनं न्यायच्या. समद्या मावत्यात. लावायला यायला पायजे. मीच दाखवतो बाजारच्या दिवशी."

मला हे आवडले. दावा तपासण्याजोगा होता आणि प्रयोगाचा खर्च तिकिटापुरता. मी पाट्यांची संख्या ठरवली, वजने घेण्याचे ठरवले, आणि पाट्या घरापासून बाजारापर्यंत कुरकुर न होता पोहोचल्या तरच प्रयोग यशस्वी मानायचा, असा निकष लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. काकांनी सहीखाली बिल्ला नंबर टाकला.

बाजारच्या दिवशी वेल्ह्याच्या थांब्यावर काका खाकी सदऱ्यात उभे होते. सदऱ्याची इस्त्री इतकी कडक होती की खांदे हलले की आवाज येई. मी तिथे पोहोचण्यापूर्वीच वस्तीवरच्या बायकांनी त्यांना घेरले होते.

"काका, आज ड्युटीवर जनू?"

"काका, कालच्या परीस बारीक दिसताय. जेवला का न्हाई राती?"

"आवं, त्येंना कोन वाढनार? हे घ्या, भाकरी हाय. चटणी तिखट हाय, मागनं बोंबलू नका."

"पुढं सरका, पुढं सरका," एवढेच काका म्हणत होते. भाकरी मात्र घेत होते.

हे मान्य केले पाहिजे की, सगळ्या पाट्या मावल्या. काकांनी त्या आसनांखाली, आसनांमध्ये आणि एका झोपलेल्या गृहस्थाच्या पायांभोवती अशा बसवल्या की गृहस्थ जागे झाले तेव्हा त्यांना उठताच येईना. गाडीचे खरे कंडक्टर हे सगळे शांतपणे पाहत होते. ते काकांच्या हाताखाली शिकलेले होते.

कापूरहोळला गाडी चहासाठी थांबली. काका, सगुणाताई आणि मी उतरलो. बायका पाट्या राखायला आत थांबल्या. चहा येतो न येतो तोच एक चालक गाडी मागे घेऊ लागला. मागे इशारा द्यायला कोणीच उभे नव्हते. काकांनी कप माझ्या हातात दिला आणि ते धावले.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं काट... आजून येऊ दे... बास!"

गाडी सुरेख वळली. काकांनी पत्र्यावर खणखणीत दोन थापा मारल्या. "चल!"

गाडी गेली. खिडक्यांतून बायकांनी हात हलवले. काका मुद्दाम निरोप द्यायला खाली उतरले आहेत, असे त्यांना वाटले. कंडक्टरांनी माणसे मोजली नाहीत, कारण बेल गुरुजींनी दिली होती. दोन्ही हातांत कप असल्यामुळे मला हात हलवता आला नाही.

"काका," सगुणाताई म्हणाल्या, "आपली व्हती ती."

काका दूर जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेल बरोबर होती."

भोरकडे जाणारे पहिले वाहन आले ते वडाप. काकांनी चालत येण्याची तयारी दाखवली.

"चालत? आवं, माझा घेवडा यकटाच चाललाय थितं!" सगुणाताईंनी त्यांना सदऱ्याला धरून जीपमध्ये कोंबले. काका बसले नाहीत. वाकून, छताला डोके लावून उभे राहिले, म्हणजे तत्त्वाला बाध आला नाही. हे दोन वळणांपर्यंत टिकले.

तिसऱ्या वळणावर ते म्हणाले, "ह्या मावशींना खिडकीकडं घ्या. ओ पाव्हनं, मांडीवरची पिशवी खाली. पुढं सरका. तुमी कुठं उतरनार? तुमी?" थोड्याच वेळात जीपमध्ये आणखी चौघांची जागा झाली होती, सर्वांचे सुटे पैसे वळते झाले होते आणि एका मुलीची मधली जागा बदलून तिला उलटी होण्यापासून वाचवण्यात आले होते.

जीपवाल्याने आरशातून हे पाहिले. "काका, उद्यापासनं येता का? चा-नाश्टा माझ्याकडं."

"टिंग!" काका गरजले, आणि जीपवाल्याने दचकून खरोखरच ब्रेक मारला.

आम्ही भोरला पोहोचलो तेव्हा बायकांनी पाट्या उतरवून निम्मा माल विकलाही होता. प्रयोगाचा निष्कर्ष मी असा नोंदवला : घेवडा मालकिणीशिवाय पोहोचला, मालकीण घेवड्याशिवाय. काकांनी हा आपला विजय मानला. सगुणाताईंनीही आपलाच मानला. बाजारभर दोघे त्यावर भांडले.

दुपारी मी स्थानकावर सकाळच्याच गाडीच्या कंडक्टरांना गाठले आणि पाट्यांच्या चढउताराला लागलेला वेळ विचारला. तो त्यांनी सांगितला. मग, काकांचे वेल्ह्याला नेमके काय काम असते, असे मी सहज विचारले. सकाळी ते तिथे माझ्या आधी कसे पोहोचले होते, हे मला कळले नव्हते.

"काम? काम काय न्हाई. भोरवरनं पहिल्या गाडीनं येत्यात, वेल्ह्याला चा घेत्यात, आन् बायांच्या गाडीनं परत. काकी गेल्यापासनं रोजचं हाय." त्यांनी तिकिटाचे यंत्र पिशवीत ठेवले. "बाया चढल्या की बोलत्यात. तवर आपलं गप खिडकीत बसून असत्यात."

महिनाअखेरच्या बैठकीला सगुणाताई सर्वांच्या आधी येऊन बसल्या होत्या. विक्रेत्याचा सकाळीच फोन येऊन गेला होता. संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक टेम्पो पाहायला येणार होते.

काका कपाटाला टेकून उभे होते. झुकत नव्हते.

"म्याडम, त्या टेम्पोत मानसं किती बसत्यात?"

माझ्या आराखड्यात हा लाभाच्या बाजूचा मुद्दा होता. चालकाशेजारी केबिनमध्ये दोघींना रीतसर बसता येते. पाळीपाळीने बसल्यास तिकिटाचा खर्च वाचतो. कंडक्टरांचे बोलणे माझ्या कानांत होते. तरीही आकडा खरा होता आणि सगुणाताई माझ्याकडे पाहत होत्या. मी वाचून दाखवले, "दोन."

"आन् कालांतरानं मोठा टेम्पो येनार."

"ते धंदा कसा होतो त्यावर आहे."

"व्हनारच की. घेवडा चांगला हाय तिचा." काका खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते; समोर दवाखान्याची भिंत होती. अध्यक्षांनी टोपण काढावे की नाही, हे त्यांना कळेना. सगुणाताईंनी पदराचे टोक मुठीत धरले होते.

"सगुणे."

"काय, काका?"

"रिव्हर्स घेताना मागं मानूस उभं करायचं. आरशावर इसंबायचं न्हाई."

"व्हय, काका."

"आन् घाटात न्युट्रल टाकायचं न्हाई. डिझेल वाचतंय म्हनून सांगत्यात लोकं. आयकायचं न्हाई."

"न्हाई आयकनार."

काकांनी घसा खाकरला. नेहमी भिंतीवरचे घड्याळ हलेल इतक्या जोराने येणारा आवाज त्या दिवशी मला जेमतेम ऐकू आला.

"टिंग टिंग."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पाहणीसाठी भोरच्या बाजारात गेले. टेम्पो व्यवस्थित होता. पाट्या उन्हाच्या आत पोहोचत होत्या आणि वेल्ह्याच्या व्यापाऱ्याने कोणी मागे न लागताही स्वतःच भाव वाढवला होता. सगुणाताई केबिनमध्ये एकट्याच होत्या, मोबाईलवर गाणी लावून.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"यतील की गाडीनं. हे बघा, आल्याच."

स्थानकाकडून बायका येत होत्या, मोकळ्या हातांनी, मोठमोठ्याने हसत. मधोमध खाकी सदरा होता आणि त्यातून भाकरीचे फडके डोकावत होते. "पुढं सरका, रस्ता काय बापाचा हाय का," असे काका त्यांना ओरडत होते आणि कोणीही सरकत नव्हते.

"पण टेम्पोत जागा असताना तिकीट कशाला काढायचं?" मी विचारले. "दोघींचा तरी खर्च वाचला असता."

"बसायच्या व्हत्या की दोघी. पह्यल्या दिवशी चढल्या बी व्हत्या." सगुणाताईंनी गाणे बंद केले. "म्याच उतरवलं. म्हनलं, माल माझ्याकडं द्या आन् तुमी जावा काकांच्या गाडीनं. मला गानी हायती."

"काकांना माहीत आहे हे?"

"त्येंना वाटतंय, बायांना टेम्पो लागतोय. वकाऱ्या येत्यात म्हनून सांगितलंय." त्या हसल्या. "लई खूश हायती. समद्यांना सांगत फिरत्यात, एसटीसारखी गाडी न्हाई म्हनून."

पाहणीच्या तक्त्यात माझा एक रकाना भरायचा राहिला होता. केबिनमधून प्रवास केलेल्या सदस्या : अपेक्षित, प्रत्येक फेरीस दोन. प्रत्यक्ष, आजपर्यंत सर्व फेऱ्या मिळून : शून्य.