एकतीस नंबरच्या छतावरची राखण

व्हर्लिन स्टॉटलरच्या मोटारघराचं छत गळायला लागलं ते नेमकं डोरीनच्या उशीवर. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अख्ख्या हिवाळ्यात पाऊस पडणार तीनदा, आणि त्यातल्या पहिल्याच पावसाने आपल्या बायकोच्या कानात थेंब टाकावा, हा व्हर्लिनला छताचा खोडसाळपणा वाटला. डोरीनला तो व्हर्लिनचा आळशीपणा वाटला. बेचाळीस वर्षांच्या संसारात अशा मतभेदांचा निकाल कोणाच्या बाजूने लागतो हे ठरलेलं होतं. तिने उशी पायथ्याशी नेली, गळतीखाली कॅसरोलचं भांडं ठेवलं आणि म्हणाली, "शुक्रवारी तपासणी आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! हिवाळ्यापुरती मोटारघरं उभी करायच्या आमच्या या पार्कात आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. दहा वर्षांहून जुनी गाडी असेल तर ती दिसायला धड हवी, नाहीतर जागा खाली करा, असा नियम इथे पहिल्यापासून आहे. पण जुना व्यवस्थापक डोरीनच्या हातचा गाजराचा केक खाऊन एकतीस नंबरच्या जागेकडे पाठ फिरवायचा. त्यामुळे स्टॉटलरांची गाडी बघता बघता बावीस वर्षांची झाली होती. नवीन व्यवस्थापिका मिस टॅलबॉट साखर खात नव्हती. शिवाय तिचं ऑफिस क्लबहाउसच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि तिथल्या गच्चीतून सगळ्या गाड्यांची छतं तळहातासारखी दिसायची. व्हर्लिनचं छत मुळात पांढरं होतं, असं फक्त गाडीच्या कागदपत्रांत उरलं होतं.

व्हर्लिनला एक वेळ दुसरा पार्क चालला असता. डोरीनला चालला नसता, कारण तिचं झाड इथे होतं. आठ वर्षांपूर्वी तिने गाडीच्या पुढच्या चाकाशी ग्रेपफ्रूटचं हातभर रोप लावलं होतं. घरी नेब्रास्कात असलं काही जगत नाही; तिथे जानेवारीत गाडीचं दारसुद्धा गोठून बसतं. दर नोव्हेंबरला आल्या आल्या ती सामान काढायच्या आधी झाड बघायला जायची. यंदा त्याला पहिल्यांदा फळं धरली होती. सात. ती रोज सकाळी जाऊन त्यांना हात लावून यायची. झाड काही चाकांवर बसवून नेता येत नाही, हे तिने व्हर्लिनला एकदाच सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज बदलला. त्याबरोबर व्हर्लिनने बुधवारी सकाळी शिडी गाठली.

मोटारघराच्या छतावर माणूस चढला की पार्कातल्या प्रत्येक निवृत्त पुरुषाला ते घरबसल्या कळतं. खुर्च्या घेऊन मंडळी खाली जमली. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या बत्तीस नंबरचा हॉलिस होता. त्याची गाडी नवी कोरी, बससारखी लांब. गेल्या वर्षी त्याने गरज नसताना आपल्या छताला गळती थांबवणारा पांढरा लेप दिला होता आणि तेव्हापासून तो स्वतःला छतांचा डॉक्टर समजत होता.

"आधी साबणाने धू," हॉलिस खालून ओरडला.

"धुतोय."

"कडेच्या फटीत सिलिकॉन भरू नकोस हां. छताचं रबर त्याला धरत नाही."

"माहीत आहे रे बाबा."

"मी तर म्हणतो, अख्खं रबर उचकटून नवीन टाक. आतला प्लायवूड सडला असणार."

"तुझी जीभ सडली नाही अजून, माझा प्लायवूड कसा सडेल?"

खाली हशा पिकला. हॉलिसला राग येत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. बुधवार-गुरुवार दोन दिवसांत त्याने अकरा सल्ले दिले. व्हर्लिनने छत घासलं, हवेच्या झडपांभोवतीचा वाळलेला चीक खरवडला, फटींवर रुंद चिकटपट्टी दाबून बसवली, आणि हॉलिसचं काहीही ऐकायचं नाही हे मनाशी पक्कं केलं. गुरुवारी संध्याकाळी हॉलिस जाता जाता म्हणाला, "उद्या लेप देताना पुढून सुरू कर आणि शिडीकडे मागे मागे ये. आणि काही लागलं तर नुसती हाक मार. माझ्याकडे लांब शिडी आहे."

"चाळीस वर्षं मी जिल्ह्याचे रस्ते बांधलेत, हॉलिस. डांबर कुठून कुठे ओतायचं ते मला कळतं. तुझी शिडी तुलाच लखलाभ."

हा अकरावा सल्ला होता. आधीच्या दहांमध्ये अर्थ नव्हता. अकराव्यात होता.

शुक्रवारी साडेअकराला डोरीन क्लबहाउसच्या तलावात बायकांबरोबर पाण्यातला व्यायाम करायला गेली आणि व्हर्लिन लेपाचा डबा घेऊन वर चढला. हॉलिसने पुढून सांगितलं म्हणून त्याने मागून सुरुवात केली, शिडीपासून. काम झकास चाललं होतं. रोलर फिरत होता, काळं छत पांढरं होत होतं, आणि व्हर्लिन शीळ घालत एक एक पाऊल पुढे सरकत होता. शेवटची पट्टी मारून तो टाचांवर बसला, कौतुकाने मागे वळून पाहिलं, आणि त्याची शीळ थांबली.

तीस फूट ओलं, चकचकीत, पांढरं छत. त्याच्या पलीकडे शिडी. आणि इकडे, समोरच्या काचेच्या वर, घोंगडीएवढ्या कोरड्या तुकड्यावर व्हर्लिन. खाली सरळ अकरा फूट, मग खडी. झाड शेजारीच होतं, पण त्याची उंची अजून व्हर्लिनच्या खांद्याइतकीच, आणि त्यावर उडी मारली असती तर डोरीनने त्याला नेब्रास्काला चालत पाठवलं असतं. त्याने डबा उचलून वाचला. 'चार तास पाय ठेवू नये,' असं ठळक अक्षरात होतं. त्याच्याखाली, 'लांबच्या टोकापासून सुरू करून शिडीपाशी संपवावे,' असंही होतं. त्याने डबा उलटा ठेवला.

घड्याळात एक वाजला होता. तपासणी तीनला. फोन खाली स्वयंपाकाच्या ओट्यावर. आता एक हाक मारली की काम झालं असतं. पण ती हॉलिसला मारावी लागणार होती.

सव्वा वाजता हॉलिस खुर्ची घेऊन आपणहून आलाच.

"वा! पांढरं शुभ्र. मग, उतरत का नाहीस?"

"उतरायचं नाही एवढ्यात."

"का?"

व्हर्लिनने आजूबाजूला पाहिलं. ग्रेपफ्रूटच्या झाडावर एक काळा, लांब शेपटीचा पक्षी बसला होता आणि मान वाकडी करून त्याच्याचकडे बघत होता.

"राखण करतोय," व्हर्लिन म्हणाला.

"कसली?"

"पक्ष्यांपासून. लेप ओला असताना पहिले चार तास माणूस वर बसवावा लागतो. एक पक्षी उतरला की त्याच्या नखांनी बारीक भोकं पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या पावसात कळतात."

"माझ्या डब्यावर असलं काही नव्हतं."

"बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचलं होतंस?"

हॉलिसने खिसा चाचपला. चष्मा नव्हता, तो गेल्या वर्षीही नव्हता. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "तरीच," तो म्हणाला, "तरीच माझ्या मागच्या झडपेपाशी ओल दिसते!" तेवढ्यात काळा पक्षी खरंच उडून छतावर उतरायला आला. व्हर्लिनने दोन्ही हात फेकून "हाः हाः!" केलं, आणि तो दचकून क्लबहाउसकडे पळाला. एवढा चोख पुरावा व्हर्लिनला पैसे देऊनही मिळाला नसता. हॉलिस खुर्ची तिथेच टाकून लोकांना सांगायला धावला.

दोन वाजता डोरीन ओल्या केसांनी परतली. गाडीसमोर नऊ माणसं माना वर करून बसली होती. तिने मागची शिडी पाहिली, मधलं ओलं छत पाहिलं, पुढे बसलेला नवरा पाहिला. बायकोला असल्या गोष्टी समजायला बारीक अक्षर लागत नाही.

"राखण करतोय म्हणे," ती वर बघून म्हणाली.

"हो."

"किती वेळ?"

"पाचपर्यंत."

"बरं." तिने गाडीच्या दारावरची कापडी कनात ओढायच्या काठीच्या टोकाला गवती टोपी अडकवली, पिशवीत हॅम सँडविच आणि थंड चहाची बाटली घातली, आणि दोन खेपांत वर पोचवलं. बाटली घेताना व्हर्लिन खाली वाकला तेव्हा ती ओठ न हलवता म्हणाली, "गाढवा, मागून सुरू केलंस ना?"

"अगं, हळू बोल."

"मी काही नाही बोलत. तू बस. छान दिसतोस." आणि ती आत गेली ती पदराआड हसावं तशी टॉवेलआड हसत.

बरोबर तीन वाजता मिस टॅलबॉट हातात यादी घेऊन आली. डोरीन झाडापाशी जाऊन उभी राहिली. तिने एक हात नकळत एका फळाखाली धरला होता. वरून व्हर्लिनला तो हात दिसला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला आपली खरंच लाज वाटली. आता खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं होतं.

"मिस्टर स्टॉटलर," मिस टॅलबॉट म्हणाली, "मी एक वाजल्यापासून गच्चीतून तुम्हाला बघतेय. तुम्ही हलत का नाही?"

व्हर्लिनने तोंड उघडलं, पण उत्तर हॉलिसने दिलं. "मॅडम, तुम्हाला माहीत नाही? लेप दिला की चार तास राखण करावी लागते. नखांची भोकं पडतात. पण हे करतो कोण? मीसुद्धा केलं नाही, लाज वाटते सांगायला. हा माणूस बघा, भर उन्हात बसलाय!"

"हो, हो, बारीक अक्षरात आहे," मागून दोघातिघांनी दुजोरा दिला. त्यांच्यापैकी कोणी तो डबा पाहिलाही नव्हता.

मिस टॅलबॉटने छताकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, यादीवर काहीतरी लिहिलं. "गाडी बावीस वर्षांची आहे. खरं सांगायचं तर मी तिला नापास करायला आले होते. पण जो माणूस छतासाठी एवढं करतो त्याला काढून मी ठेवू कोणाला? एकतीस नंबर पास. तुम्ही या पार्कात असेपर्यंत."

डोरीनने फळ सोडलं आणि डोळे पुसले. व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला.

"आणि हो," मिस टॅलबॉट जाता जाता वळली, "मंगळवारी क्लबहाउसच्या छताला लेप द्यायचाय. राखणीला तुमच्याइतका जाणकार माणूस मला कुठे मिळणार? क्लबहाउस मोठं आहे. आठ तास धरा."

ज्या खोट्यावर झाड उभं होतं ते खोटं आता व्हर्लिनला मोडता येईना. "आनंदाने," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी आठला व्हर्लिन टोपी, खुर्ची आणि सँडविच घेऊन क्लबहाउसच्या छतावर गेला. एरवी इतक्या उंचावरून पार्क बघायला त्याला आवडलं असतं. कामगार लेप देऊन उतरले आणि मिस टॅलबॉटने शिडी काढून नेली, कोणी चुकून ओल्यावर चढायला नको म्हणून. व्हर्लिनने पार्कावर नजर टाकली आणि तो उठून उभाच राहिला.

बत्तीस नंबरच्या छतावर हॉलिस बसला होता. त्याने नवा लेप दिला होता आणि डोक्यावर छत्री धरली होती. त्याच्या पलीकडे एकोणचाळीस नंबर, मग चव्वेचाळीस, मग कोपऱ्यातली एक छोटी कॅम्पर गाडी. सात छतांवर सात म्हातारे, अधूनमधून हात फेकून "हाः हाः!" करत होते. पक्षी एकही नव्हता.

आणि खाली, त्याच्याच गाडीच्या कनातीखाली, डोरीन आणि त्या सात जणांच्या बायका पाय पसरून बसल्या होत्या. मधे टेबलावर पहिलं ग्रेपफ्रूट कापून ठेवलं होतं. गुलाबी फोडी वरूनसुद्धा दिसत होत्या. वारा तिकडून येत होता, त्यामुळे डोरीनचा आवाज स्पष्ट आला. "नवऱ्यांना सांगा, लेपाचा दुसरा हात मारला की पुन्हा चार तास, हं. आणि दर महिन्याला एकदा. बारीक अक्षरात आहे." बायकांचं हसणं बराच वेळ थांबलं नाही.

आठ वर्षं वाट पाहिलेल्या त्या फळाची एक फोड तरी आपल्याला मिळावी, असं व्हर्लिनला फार वाटलं. त्याने दोन्ही हातांचा कर्णा केला. "हॉलिस! अरे उतर खाली! ती नखांची गोष्ट मी मनानेच बनवली होती! मी वर अडकलो होतो रे! शिडी आण तुझी!"

हॉलिसने छत्री थोडी तिरकी केली आणि त्याच्याकडे काळजीने पाहिलं.

"टोपी नीट घाल, व्हर्लिन," तो ओरडला. "ऊन लागलंय तुला. आणि अजून आठ तास आहेत, लक्ष पक्ष्यांवर ठेव!"