चौथ्या खेळीचं प्यादं

दीपेश सबनीसला कुणी काही फुकट देऊ केलं की आधी संशय यायचा. तळोज्याच्या एका कारखान्यात तो माल तपासायचा, म्हणजे दिवसभर नापासाचा शिक्का मारायचा, आणि ती सवय त्यानं इमानेइतबारे घरीही आणली होती. बुद्धिबळातही तेच. मोबाइलवर हजारभर डाव झाले असतील, पण काळी मोहरी आली की गड्याचा बचाव एकच, कॅरो-कान. आधी दाराला कडी लावायची आणि मग आतून विचारायचं, कोण आहे? या बचावानं तो फारसा जिंकत नसे, पण हरतही नसे, आणि तेवढ्यावर स्वारी खूश होती.

असा हा माणूस एका रविवारी दुपारी करंजाड्यात दाजी पाटलांच्या ओटीवर बसला होता. राहती जागा महिनाअखेरीस सोडायची होती आणि महिना संपायला उरले होते पाच दिवस. दीपेशनं आतापर्यंत अकरा जागा नापास केल्या होत्या. बारावी दाजींच्या बिल्डिंगमधली, दुसऱ्या मजल्यावरची. ही गेली तर सामानासकट माहेरी जाईन, असं रेवानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली की दीपेशला जास्त भीती वाटायची.

जागा दाखवणाऱ्या अबरारनं खाली सोडतानाच कानमंत्र दिला होता. "दाजी एक डाव खेळल्याबिगर चावी देत नाहीत, भाईसाब. माझा तजुर्बा आहे. अदब से खेळा."

दाजींनी पट मांडूनच ठेवला होता. त्यांची बायको, गोदूकाकी, चहा घेऊन आली. दीपेश म्हणाला, नको, ॲसिडिटी होते. तिनं सरबत विचारलं. नको, घसा धरतो. मग ती म्हणाली, बोंबील तळतेय, दोन खाऊन बघा. दीपेश म्हणाला, नको, आम्ही पोहे खाऊन निघालोय. काकी आत गेली. शेजारी बसलेल्या रेवानं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा एखादा तिथल्या तिथे चहा प्यायला असता, आणि ती काकीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

डाव सुरू झाला. दाजींनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, दीपेशनं कडी लावली. दाजींनी वजिरापुढचं प्यादं काढलं, दीपेशनं आपलं समोर उभं केलं. दाजींचा घोडा आला, दीपेशच्या प्याद्यानं त्यांचं प्यादं मारलं. इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं. चौथ्या खेळीला दाजींनी घोड्यानं ते प्यादं परत मारायचं, हे जगाला माहीत आहे. दाजींनी घोड्याला हातच लावला नाही. त्यांनी बाजूचं आणखी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं, थेट दीपेशच्या प्याद्याच्या तोंडाशी, आणि खुशाल मांडी घालून बसले.

दीपेश पटावर वाकला. हे प्यादं मारावं तर मागची वाट मोकळी होऊन दाजींचा घोडा, उंट, हत्ती सगळेच अंगावर येतील. यात नक्की काहीतरी डाव आहे. तो तब्बल वीस मिनिटं विचार करत राहिला. दाजी तोवर दोनदा आत जाऊन विडी पेटवून आले. शेवटी दीपेशनं प्याद्याकडे पाठ फिरवून आपला घोडा बाहेर काढला.

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी दीपेशचा घोडा उचलला आणि स्वतःच्या हातानं जागेवर नेऊन ठेवला.

"साहेब, चहा घेत नाय, बोंबील घेत नाय, आता प्यादं पण घेत नाय," ते म्हणाले. "आमच्या हातचं चालत नाय काय तुमाला?"

दीपेशच्या डोळ्यांपुढे रेवा आणि तिच्या बॅगा उभ्या राहिल्या. "चालतं ना काका, चालतं," म्हणत त्यानं प्यादं मारलं. दाजी खुलले. त्यांनी आत हाक मारली, बोंबील आले, भाकरी आली, आणि पोह्यांवर भाकरी चढवत दीपेश खेळू लागला. दाजींनी दुसरं प्यादं पुढे केलं, तेही घेतलं. मग उंट आला. मग हत्ती. आता पाचवा बोंबील घशाखाली उतरेना, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

हत्ती मारल्यावर त्याच्या ध्यानात आलं, अरे देवा, आपण जिंकतोय. घरमालकाला त्याच्याच ओटीवर हरवून चावी मागायची कशी? त्यानं ताबडतोब हरायचं ठरवलं आणि आपला वजीर दाजींच्या घोड्यासमोर नेऊन ठेवला. दाजींनी वजिराकडे पाहिलं आणि भलतंच प्यादं हलवलं.

"काका, वजीर मारताय ना?"

"पावण्याच्या ताटातलं कोन उचलतं काय?"

मग पुढचा तासभर दोघांनी जे केलं त्याला बुद्धिबळ म्हणणं कठीण आहे. दीपेश मोहरी नेऊन दाजींच्या तोंडाशी ठेवायचा, दाजी ती टाळून आपली त्याच्या तोंडाशी आणायचे. आणि टाळाटाळीत व्हायचं तेच झालं. दीपेशनं आपला उरलेला हत्ती मुद्दाम मरायला म्हणून शेवटच्या ओळीत नेला, आणि दाजींच्या राजाला शह बसला, हलायला घरच उरलं नाही. मात.

"माफ करा काका, चुकून झाली," दीपेश हात जोडून म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच रडवेला झाला होता. "पण जागेचं तेवढं..."

"जागा गोदूच्या नावाव हाय. तिच्या बापाची जमीन. मला कशाला विचारता?"

दीपेशनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. चहा, सरबत, बोंबील, एकेक नकार त्याला आठवला. तेवढ्यात रेवा पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या बोटात चावी होती.

"कधी दिली?" त्यानं विचारलं.

"तू त्या चौथ्या खेळीवर बसला होतास ना, तेव्हाच. दोन भाकऱ्या खाल्ल्या, काकींना भाकरी थापू लागले, झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी इथे हरायला मरतोय."

"मीच बोललो, सांगू नको," दाजी म्हणाले. "चावी भेटली का मानसं डाव अर्धा टाकून उठतात. किती दिसांनी कोनीतरी एवडा येल बसला." हे बोलताना ते जरा ओशाळले. दीपेशला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण ते जमेना. उलट बरंच वाटलं. त्यानं भीतभीत विचारलं, मग तो उंट, तो हत्ती, ते सगळं कुठलं जबरदस्त गॅम्बिट होतं, मोहरी फुकट देऊन समोरच्याला अडकवायचं?

"कसलं काय," दाजी म्हणाले. "दारात आलेल्या पावण्याला हरवून पाठवत नाय आमी. पन आता तुमी पावणे नाय, भाडेकरू."

आणि त्यांनी पुन्हा पट मांडला. दीपेशनं काकीकडून चहा मागून घेतला आणि खुशीत कॅरो-कान लावला. या वेळी दाजींनी त्याला एकही प्यादं देऊ केलं नाही, आणि काकीचा चहा निवायच्या आत, सतराव्या खेळीला, मात दिली.